बिनआवाजाचे खेळ

प्रिय सरकार,

फोनवर मीच बडबडतो आणि तू पलीकडून नखाने टकटक करतेस. असा एकतर्फी संसार मला जमत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. गळ्याचे टाके सुकले हे ऐकून बरं वाटलं. वहिनी पथ्याचं नीट बघतात ना? दादाला म्हणावं, बहिणीच्या वाटणीचं आइस्क्रीम संपवू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. भात करपला होता, पण पातेलं तू यायच्या आत घासून ठेवीन.

परवाची गंमत सांगतो. तू गेल्यापासून आपल्या पाळणाघरातली मुलं शेजारची शिवणवाली तिच्याकडे सांभाळते आहे. परवाच्या पावसात तिच्या घरात पाणी शिरलं. सकाळीच ती सगळी वरात घेऊन आपल्या दारात उभी. ‘काका, आजचा दिवस सांभाळा, मी पाणी उपसते,’ म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत गेलीसुद्धा. जन्मभर मी लेथ मशीन चालवलं. मशीनला बंद करायचं बटण असतं. या मुलांना कुठे असतं?

बाहेर सोडायची सोय नाही, त्यात वीज गेलेली. पुढच्या खोलीच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माझं मलाच ऐकू येईना. आधी गाण्याच्या भेंड्या लावल्या. कोण काय गातंय ते कळेना, त्यावरून मारामारी झाली. मग कानगोष्टी. सुरुवातीला ‘माशी उडाली’ होतं, शेवटी ‘मिशी ओढली’ झालं, आणि तुझ्या लाडक्या फटाकडीने ती खरंच ओढली. मी ओरडत राहिलो, ती हसत राहिली. अशाने दुपारपर्यंत माझा घसा पार बसला.

ती सारखे प्रश्न विचारणारी आपली प्रश्नपत्रिका समोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलताना दिसले, आता काय, असंच विचारत असणार. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. काय करावं सुचेना, म्हणून हात वर केला. तिनेही केला. मी नाक धरलं, तिनेही धरलं. बघता बघता सगळी खोली नाक धरून बसली. मग एकाला स्वयंपाकघरात पाठवायचं, बाकीच्यांनी खुणेने राजा ठरवायचा, राजा करील तसं सगळ्यांनी करायचं आणि बाहेरच्याने येऊन राजा ओळखायचा. त्याचा कंटाळा आला तेव्हा चादरीच्या कडा सगळ्यांनी धरल्या आणि मोज्यांचा चेंडू तिच्यावर झुलवत ठेवला. जेवण झालं की डुलक्या काढणारा पेंगुळ्यासुद्धा पडलेल्या चेंडूमागे पलंगाखाली शिरला.

शेवटी नकला केल्या. सगळ्यात धाकटीने माझा चष्मा काढून घेतला, स्वतःच्या डोक्यावर सरकवला, एक हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पेंगुळ्याचं नाक पुसलं. सगळ्यांनी लगेच ओळखलं आणि खिडकीतल्या तुझ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी उगाच पाणी प्यायला आत गेलो.

मग दार वाजलं. फटाकडीची आई आली होती. ‘एवढं शांत कसं? मुलं आहेत ना घरात?’ तिने घाबरूनच विचारलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की पाऊस केव्हाच थांबला होता. खोली भरलेली होती, खेळ रंगात आला होता आणि कुणीही ओरडत नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डॉक्टरांनी मला फोन करून सांगितलं, तुझा आवाज यापुढे कुजबुजीएवढाच राहील. तू मला ते सांगितलं नाहीस, नुसता मेसेज केलास की पाळणाघराची पाटी उतरवून ठेवा. मला आधी वाटलं होतं, तू थकलीस. मी तुझ्याशी वाद घालणार नाही, आणि परवासारखा एक दिवस निभावला म्हणून रोजचं सोपं आहे असंही म्हणणार नाही. जिथे ओरडावं लागेल तिथे मी आहेच, माझा घसा दोन दिवसांत मोकळा झाला. पाटी मी उतरवलेली नाही. तुला उतरवायचीच असेल तर स्वतः ये, पण आधी एक दिवस मुलांमध्ये बस.

तुझाच,
बदली कामगार