भाषण झालं, उत्तर राहिलं

तलवाडा, मंगळवार संध्याकाळ

तालुक्यातल्या पोरींनो, आपले सत्कार सगळे करतात, प्रश्न मात्र कुणी विचारत नाही!

बघ, रोजनिशीतही सभाच. आणि आज प्रश्न विचारला गेला तर काय केलंस? अंतराळ संस्थेच्या उन्हाळी इंटर्नशिपची मुलाखत, व्हिडिओ कॉलवर. शास्त्रज्ञ मॅडमनी विचारलं, "उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसणारं रान उसाचं की ज्वारीचं, कसं ओळखाल?" मी दुष्काळी भागावरच्या अन्यायावर बोलत सुटले. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "छान बोलता. पण कसं ओळखाल?" मी पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. शेवटी म्हणाल्या, "उद्या सकाळी परत बोलू."

अण्णा शेळ्या बांधता बांधता हसले. "आगं, मुलाखत व्हती का सभा? टाळ्या न्हाई पडल्या!"

मला हसू आलं नाही. तो काढून ठेवलेला चष्मा डोळ्यांपुढून हलत नाही. बोलणं काढून घेतलं तर माझ्याकडे उरतं काय? खरं सांगितलं आणि त्यांनी नकोच म्हटलं तर?

तरी पोरी, उद्या भाषण गिळ. पहिलं वाक्य एवढंच बोल: "मॅडम, मला माहीत नाही."