चिमूटभर साखरेचं प्रदर्शन

डोंबिवली पूर्व,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप मंदाआत्यास,

क्षिप्राचा वाकून नमस्कार. (वडीलधाऱ्यांना पत्रात ‘तुम्ही’ लिहायचं हे तूच शिकवलंस, पण दोन ओळी तसं लिहून पाहिलं तर पत्र दुसऱ्याच कुणा बाईंना चाललंय असं वाटायला लागलं, म्हणून ‘तू’च.) नाशिकची थंडी तुझ्या गुडघ्यांना कशी वागवते आहे? मुकुलदादा म्हणाला, तू तेल लावतेस पण पट्टा बांधत नाहीस. पट्टाही बांध. इकडे आई-बाबा ठीक. मीही ठीक असं लिहिणार होते, पण खोटं लिहू नये हेसुद्धा तुझंच.

मी सध्या अंतराताईंकडे मदतनीस आहे हे तुला ठाऊक आहेच. त्या चित्रकार आहेत, पण चित्रं काढत नाहीत. (बाबांना हे अजून पचलेलं नाही. ते पाहुण्यांना ‘तिची मॅडम इंटिरिअरचं बघते’ असं सांगतात.) अंतराताई वस्तू गोळा करून मांडतात आणि त्यातून समाजाबद्दल काही म्हणतात. मागच्या वेळी शीळफाट्याकडच्या टॉवरांच्या जाहिरातींचे फलक शिवून त्यांनी तंबू केला होता आणि जी शेतं त्या टॉवरांखाली गेली त्यांची नावं आतून लिहिली होती. आत बसलं की भर दुपारी सगळं निळं निळं व्हायचं. मी तिथे जेवायचेसुद्धा.

या वेळचा विषय बंद पडलेले कारखाने. वागळे इस्टेटमधल्या एका रिकाम्या शेडमध्ये लांबलचक टेबल, त्यावर कामगारांचे जेवणाचे डबे, झाकणं उघडी, आत काही नाही. नाव ‘जेवणाची सुट्टी’. डबे आपल्या मोहने गावातून, बंद कारखान्याच्या कामगारवस्तीत घरोघर फिरून मीच मागून आणले. (लहानपणी तू मला पाटीवर अक्षरं शिकवायचीस, ती तुझी जुनी खोली त्याच गल्लीत. आता तिथे ब्यूटी पार्लर आहे.) आमचा लायटिंगवाला साईनाथ याने प्रत्येक डब्यावर एक दिवा टांगला. स्टीलच्या तळावरून उजेड उसळायचा आणि छतावर प्रत्येक डब्याचा एक गोल पडायचा. पंखा लावला की दिवे झुलायचे, आणि छतभर चंद्र हलायचे. आत्या, मी मान वर करून बसून राहायचे. वाटायचं, आपण तळ्याच्या तळाशी आहोत आणि वर पाण्यावर माणसं पंगतीला बसली आहेत, हळूहळू जेवताहेत, कुणालाच भोंग्याची घाई नाही.

अंतराताईंची सूचना एकच होती, डबा रिकामा म्हणजे रिकामा. पोकळीच बोलली पाहिजे.

उद्‌घाटनाला मोहन्याच्या बायका येणार होत्या. सकाळी मी डबे पुसायला घेतले आणि माझा हात चालेना. कुणाचं भांडं रिकामं देऊ नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे तू माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं आहेस की अजून निघालेलं नाही. मी स्वतःला पुष्कळ समजावलं की आपण देत नाही आहोत, नुसतं मांडतो आहोत. पण ज्या बाईने आयुष्यभर तो डबा भरला, तिच्यासमोर तो उघडा नि रिकामा? शेवटी चहावाल्याकडून साखरेची पुडी आणली आणि डब्याडब्यात चिमूट टाकली. एवढीशी कुणाला दिसणार, असं वाटलं. दिवे लागले आणि छतावरचे सगळे चंद्र दाणेदार झाले. साईनाथ वर बघत म्हणाला, ‘ताई, चंद्रांना गोवर आलाय.’

पाहुणे जमले. एक दाढीवाले समीक्षक बराच वेळ वाकून पाहत होते, मग अंतराताईंना म्हणाले, ‘सहकारी साखर कारखानदारीवर इतकं थेट बोलणारं काम मी पाहिलं नव्हतं.’ अंतराताईंनी एका डब्यात बोट घातलं, चाखलं आणि माझ्याकडे पाहिलं. (त्या नजरेबद्दल भेटीत सांगेन.)

तेवढ्यात तुझ्या जुन्या गल्लीतल्या गोदूबाई आल्या. त्यांनी छताकडे पाहिलंच नाही. आपल्या यजमानांचा डबा शोधला, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘घरची शिकवण चांगली आहे हो पोरी तुला.’ झाकण लावलं, कडी अडकवली, डबा पिशवीत टाकला. छतावरचा एक चंद्र गेला. मग बाकीच्या बायकांनीही आपापले डबे उचलले. कड्या खटाखट लागत गेल्या आणि चंद्र एकेक करून विझत गेले. ते इतकं सुंदर दिसत होतं की पुढे होऊन थांबवायचं मला सुचलंच नाही.

अंतराताई म्हणाल्या, ‘मावशी, प्रदर्शन महिनाभर आहे. राहू द्या ना.’

‘आता कसं? तिने साखर घालून परत दिलाय ना?’ गोदूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. ‘नाहीतर साखर कशाला घातलीस गं?’

मी त्यांची पिशवी दारापर्यंत उचलून नेली.

टेबलावर एकच डबा उरला. छतावर एकच गोल. अंतराताई त्याखाली खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या की एवढा एक राहिला तर प्रदर्शन चालू ठेवता येईल, किंबहुना असंच ते जास्त खरं आहे. तोही गेला तर उद्या शेडला कुलूप. ‘कुणाचा आहे हा?’ मी म्हटलं, विचारून सांगते.

तब्येतीला जप. मुकुलदादाला नमस्कार, त्याच्या लेकीला पापा.

तुझी,
क्षिप्रा

ता. क. तो डबा काकांचा आहे, तू रोज त्यांना भरून द्यायचीस तो. तू आमच्या माळ्यावर ठेवलेल्या ट्रंकेतून मी तो न विचारता काढला. विचारणार होते, पण तू ‘नाही’ म्हणालीस तर काय, या विचारात दिवस गेले. कडेला पोचा आहे तोच. महिनाभर राहू दे ना. तू ‘नाही’ म्हणालीस तर मी स्वतः नाशिकला आणून देईन, शेडचं काय व्हायचं ते होवो.

ता. क. २. गोदूबाईंनी तुझी चौकशी केली. म्हणाल्या, मंदा आली असती तर पहिला डबा तिनेच उचलला असता.

ता. क. ३. वर ‘डब्याडब्यात’ लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. काकांच्या डब्यात मी साखर घातली नव्हती. तिथवर पुडी संपली असणार, अशीच माझी समजूत होती. आत्ता पाकीट शोधताना पर्समध्ये ती पुडी सापडली. साखर उरली आहे.