शालिनी नावाचा जंत

३ डिसेंबर २०२४
पुण्याच्या लॅबमधून डीएनएचा निकाल आला. वाचला, चहा पिऊन आले, पुन्हा वाचला.

पेठ वडगावच्या बाजारातून मरळ मासे आणून त्यांच्या आतड्यातले पट्टकृमी मी काढले होते. डीएनए म्हणतो, सगळे एकाच जातीचे. साधी जात, देशभर सापडणारी. पण त्यातले निम्मे मी सूक्ष्मदर्शकाखाली 'शालिनी' म्हणून बाजूला ठेवले होते! डोक्यावरचे आकडे, म्हणजे बारीक हुक, मोजून, खोत सरांनी शिकवलं तसंच.

म्हणजे 'शालिनी' अशी वेगळी जात नाहीच?

४ डिसेंबर
पीएचडीच्या गाईड मॅडमना दाखवलं. त्याही खोत सरांच्याच विद्यार्थिनी. आधी दार लावून घेतलं.

"प्रीती, ही जात सरांनी शोधलेली. बायकोचं नाव दिलंय तिला."

माहीत आहे. अख्ख्या विभागाला माहीत आहे.

"मग आधी सरांना सांग. पेपरचं नंतर बघू."

सांगायचं मात्र मीच!

८ डिसेंबर, रविवार
बावड्याला सरांच्या घरी गेले. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी टेबलावर सूक्ष्मदर्शक तसाच. सरांनी निकालाचा कागद वाचला आणि चष्मा काढला.

"वडगावच्या बाजारात मरळ कुठनं येतो? कुणाच्या तरी शेततळ्यातनं. माझा जंत राधानगरीचा हाय."

मी म्हटलं, सर, पण आकड्यांवरून तर हीच—

"यंत्राला काय कळतंय? जन्म गेला माझा जंत बघण्यात!" आवाज एवढा चढला की शेजारचे गॅलरीत आले.

शालिनीकाकू गेटपर्यंत सोडायला आल्या. "मनाला लावून घेऊ नगंस. आज ते जेवायचं न्हाईत बघ."

रिक्षात रडू आलं. रागही आला. पण सरांचं एक खरं – जात जिथं पहिल्यांदा सापडली, तिथलाच नमुना हवा. हे मला सुचायला हवं होतं.

१९ डिसेंबर
सर फोन उचलत नाहीत.

५ जानेवारी २०२५
काकूंचा फोन. "ये बाई लवकर. गमबूट काढून ठेवल्यात. राधानगरीला जायाचं म्हणत्यात, तुला घिऊन."

११ जानेवारी
राधानगरी. सरांच्या ओळखीचा गुंडू मासे धरतो. सरांना बघून पाण्यातूनच ओरडला, "सर! लई वर्सानं आलासा की!"

जिवंत मरळ बादलीत. सरांनी स्वतः मासा चिरला. जंत एकही तुटला नाही. मग भिंग डोळ्याला लावून दोन वाट्यांत वेगळे करत गेले – ही साधी, ही शालिनी. भराभर. मलाही फरक दिसत होता. खरंच दिसत होता! डोकं लांबट, आकडे जास्त. क्षणभर वाटलं, सरच बरोबर आहेत. वाटलं कसलं, तसंच असू दे असं मनात आलं.

"डीएनएसाठी शेपटीचा तुकडा तू घे," म्हणाले. "डोकी माझ्याकडं राहू देत."

बावड्यात उतरताना एवढंच – "नीट कर. घाई नको."

३० जानेवारी
डीएनए चांगला निघाला. नमुने पुण्याला गेले.

१४ फेब्रुवारी
एकच जात. दोन्ही वाट्यांतले सगळे.

१६ फेब्रुवारी, रविवार
लॅपटॉप सरांच्या पुढ्यात ठेवला. पडद्यावर डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष, सगळे नमुने एकाच फांदीवर. सरांनी त्या फांदीवरून बोट फिरवलं.

"मग मला दिसतोय तो फरक कसला?"

"वयाचा, सर. आणि काचेखाली जंत किती दाबला गेला, त्याचा."

सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "आयुष्यभर पोरांना मी हेच शिकवलं."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"लिही पेपर. शालिनी ही वेगळी जात नाही, असं स्पष्ट लिही. तुझ्या नावाखाली माझं नाव घाल." मग हळू आवाजात, "शालूला मी सांगतो सवडीनं."

"मला ऐकू येतंय सगळं," काकू दारातूनच म्हणाल्या. "लोक बायकूच्या नावानं बंगला बांधत्यात, ह्यांनी जंत काढला! माझा भाऊ अजून चिडवतोय मला. गेलं नाव तर गेलं की!"

सर हसले. मीही हसले. काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे लाल होते. सरांनी बघितलं आणि कप त्यांच्या हातातून स्वतः घेतला.

३ मार्च
पेपर पाठवला. मॅडमनी सरांचं नाव दोनदा वाचलं.

१० मार्च
लॅब उघडायला गेले, तर सर पायरीवर बसलेले. शेजारी थर्माकोलची पेटी, आत बर्फावर मासे.

"आणखी अकरा जाती माझ्या नावावर हायत," म्हणाले. "एकेक डीएनएनं तपासायची."

आत येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. बाह्या वर केल्या.

"पिपेट कसं धरायचं, दाखव."