दोन गाऱ्हाणी

विक्रोळी, ता. १२ जानेवारी २०२५

चि. जान्हवी हिस,
सहदेव आजोबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस त्यातलं अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं आजी आपल्या मनाने सांगते, म्हणून लिहितो. तुझी आई म्हणाली, जर्मनीतल्या यंत्रात दोन अणूंची केंद्रकं आपटून एकच भलं जड केंद्रक करायचं आहे, आणि किती जोरात आपटायची तो आकडा तू काढलास. तेव्हापासून घास उतरत नाही. मी सातवी नापास, पण अणू म्हटलं की काय होतं ते ऐकून आहे. खोलीच्या खिडक्या बंद ठेवतेस ना? कारखान्यात आम्हाला निदान चष्मा द्यायचे.

शेवटी गावी भावकीतल्या काशीरामला फोन करून देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं, की माझ्या नातीच्या यंत्रातली ती दोन केंद्रकं एक होऊ देऊ नको रे महाराजा. सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणाले. आता निर्धास्त राहा.

स्वेटर घालत जा. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
आजोबा

जर्मनी, ता. २ मार्च २०२५

ती. आजोबांस,
जान्हवीचा सा. न.

अहो, काय करून ठेवलंत! मी त्या यंत्राजवळ जातसुद्धा नाही. माझं काम कागदावर आणि संगणकावर. तुम्ही कारखान्यात वेल्डिंग करून कपाटांचे पत्रे जोडायचात ना? करंट कमी तर चिकटत नाही, जास्त तर भोक. इथंही तसंच. जोर कमी पडला तर केंद्रकं एकमेकांना ढकलून देतात, जास्त झाला तर जुळलेलं फुटतं. महिनोन्‌महिने मारा करून एखादं जुळलं तर जुळतं, आणि क्षणात विरतं. त्यावर आजीचा चहासुद्धा तापणार नाही.

तुमचं पत्र वाचून पोट धरून हसले, पण आता हसू येत नाही. यंत्र माझ्या आकड्यावर चाललंय आणि अजून एकही जुळलेलं नाही. आमच्या प्रमुख बाई ओरडत नाहीत, नुसतं पुन्हा तपास म्हणतात. मेअखेरपर्यंत काही दिसलं नाही, तर माझ्या नोकरीची मुदत वाढणार नाही. बॅग भरून विक्रोळीला यावं लागेल.

मी देव मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी ते गाऱ्हाणं मागे घेता येतं का, बघा.

आजीला नमस्कार. राग धरू नये, लोभ धरावा.

आपली,
जान्हवी

विक्रोळी, ता. ६ एप्रिल २०२५

चि. जान्हवी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू बॅग भरणार हे वाचून आजीने तुझी गादी गच्चीत उन्हाला टाकली. मी तिच्यावर खेकसलो आणि कुर्ल्याहून गावची गाडी धरली. गुडघ्यांचं विचारू नको.

गाऱ्हाणं घालणारा मार्तंड घाडी म्हणाला, सहदेवानू, देवाला काय तो एक निरोप द्या. नेमकं काय मागू, असं त्याने विचारलं. मला त्या दोन केंद्रकांची नावं आठवेनात. म्हटलं, जे जुळतंय ते जुळू दे, म्हाताऱ्याचं आधीचं ऐकू नको. सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणाले, नारळ फुटला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की ते जुळलं की तू तिथंच राहणार.

मी मार्तंडाला हळूच विचारलं, अजून एक घालता येईल का. तो हात जोडून म्हणाला, आजोबा, घरी जा.

गादी अजून उन्हातच आहे. यंत्र काय म्हणतं ते लगेच कळव. जुळलं असलं तरी कळव.

तुझी वाट बघणारा,
आजोबा