चौकी उठल्यावरची विचारपूस

कार्तिक शु॥ ११, शके १८६४

पहाटे उंबऱ्यावर काठी वाजली. "अण्णा, सगळे बरे?" चौकीवाला दस्तगीर. दार न उघडता आतूनच एकेकाचं सांगितलं. थोरली बहीण अक्का बरी, कान गेलेत पण भूक शाबूत. मंडळींचा गुडघा धरलाय, कालपेक्षा कमी. मल्लू बरा, घोरतोय. सूनबाई पारू बरी, आठवा लागलाय, पाय सुजतात. मी बरा, खोकला जुनाच. मग मी विचारलं, "तुझं कसं रे?" तर म्हणतो, "मी रोज अख्ख्या गावाला इचारतो, मला तुमी एकलेच इचारता." काठी पुढच्या दारी गेली.

गाठीच्या सालापासून हा रिवाज. त्या साली प्लेगनं आई गेली, धाकटा भाऊ गेला. "सगळे बरे हाव" म्हणणाऱ्या घरांत मागच्या खोलीत माणसं झाकून ठेवलेली निघाली. तेव्हा सरकारनं सोलापूरच्या वाटेवर, नाल्याच्या कडेला चौकी बसवली. येणारा-जाणारा तिथं थांबायचा, बगल दाखवायची. आणि पहाटे चौकीवाल्यानं दारोदार विचारायचं. घरानं नाव घेऊन सांगायचं. घर गप्प राहिलं तर दार ढकलायचा त्याला हुकूम.

हल्ली पोरं हसतात. आम्ही झोपेतसुद्धा उत्तर देतो.

कार्तिक शु॥ १३

पाटलांनी चावडीवर बोलावलं. धाराशिवहून साहेब तपासणीला येणार, चौकीचा मुआयना. सरकारनं काढलंय म्हणे की ठरलेल्या मुदतीनं प्रत्येक चौकी-कचेरीनं उभं राहून सांगायचं, आम्हाला का पोसावं. सांगता आलं नाही तर खर्च बंद.

मला पटलं. खोटं का लिहू? दुकानात मीही पाडव्याला एकेक डबा उघडून बघतो, जे कुणी मागत नाही ते पुढच्या साली भरत नाही. तालुक्याला सरकारी घोडा होता. घोडा मेला, पण मोतद्दार आहे, गवताची मंजुरीही आहे. गवत मोतद्दाराची म्हैस खाते. शेजारचा गुंडाप्पा म्हणतो, "ती म्हैस सरकारी नोकर हाय अण्णा, तिला रामराम घालत जावा."

विचारायलाच पाहिजे. दळण न दळणारं जातं घरात किती दिवस ठेवायचं?

पंच म्हणून माझी साक्ष होणार. पाटील म्हणाले, "तुमी म्हणाल तसं हुईल. साहेब तुमाला मानतात."

कार्तिक पौर्णिमा

मुआयना झाला. साहेब माणूस चांगला. चौकीतल्या मडक्यातलं पाणी प्याले, दस्तगीरला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"या बारा सालांत रोगी किती धरलेस?"

"एकबी न्हाय हुजूर."

"मग पगार कशाचा घेतोस?"

"त्याचाच हुजूर. एकबी न्हाय त्याचाच."

सगळे हसले. साहेबही. मग म्हणाले, "असं तर मीही म्हणेन की माझ्या दौऱ्यामुळं गावात वाघ येत नाही."

दस्तगीरनं काठी या हातातून त्या हातात घेतली. माझ्याकडं बघितलं त्यानं. साहेबांनी मला विचारलं, "या चौकीनं कधी काही धरल्याचं तुम्हाला आठवतं?"

मी म्हणालो, "न्हाय साहेब."

खरं तेच. दुसरं काय म्हणणार? पण घरी आल्यापासून जीभ जड झाली आहे. प्रश्न बरोबर होता, उत्तरही बरोबर होतं. तरी काहीतरी

मंडळींनी दूध दिलं. झोपतो.

कार्तिक व॥ ६

हुकूम आला. चौकी उठली. काठी सरकारी, ती तालुक्याला जमा. दस्तगीर बहिणीकडं चालला, सोनारीला. परंड्याकडं जाणारी गाडी होती, तिच्यावर ट्रंक चढवून निघाला.

माझ्या पायरीवर येऊन बसला थोडा. म्हणालो, "माझ्यावर राग?"

"राग कशाचा? तुमी खरं बोलला." मग उठताना म्हणाला, "अण्णा, मी धरायला न्हवतोच बसलो. लोकांनी रोज एकमेकांची नावं घ्यावीत म्हणून होतो. हे साहेबाला म्हणायचं तवा सुचलंच न्हाय."

पारूनं भाकरी बांधून दिली. त्यानं तिला म्हटलं, "पोरगं झालं की कळवा, बाई."

कार्तिक व॥ ९

पहाटे जाग आली, नेहमीच्या वेळी. कुणी विचारलं नाही. उगाच पडून राहिलो. मंडळींनी अंधारात म्हटलं, "तुमीबी जागंच का?"

दुकानामागच्या कोठारात आज एक गोष्ट लक्षात आली. आवाज नाही. ज्वारीच्या पोत्यांत उंदरांची खुडबुड रात्रंदिवस असते, तिची इतकी सवय की कानाला कळतसुद्धा नाही. आज कळलं, कारण नव्हती. मल्लू खूष. "पोती कुरतडायची थांबली, बरंच झालं की." मांजर कुंपणावर बसली आहे. हाक मारली, दूध दाखवलं. आत यायला तयार नाही.

कार्तिक व॥ ११

आज पहाटे दारात विचारलं, "सगळे बरे?" मी झोपेतच सांगितलं, अक्का बरी, मंडळी बरी, मल्लू बरा, पारू बरी, मी बरा. सांगून कूस वळलो. उजाडल्यावर तोंड धुताना हात थांबला. दस्तगीर तर सोनारीला.

काठी वाजली नव्हती. नुसता आवाज.

मंडळींना विचारलं. त्यांनीही ऐकलं. म्हणाल्या, आला असंल परत, करमलं नसंल.

दुकानात गुंडाप्पा आला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "दस्तगीरभाई कवा आला?" त्यानंही उत्तर दिलं होतं. त्याची बायको म्हणते आवाज बाईचा होता. त्यावरून दोघांचं सकाळी भांडण. "बाई कशाला यील पहाटंची इचारायला, तुला सपान पडलंय." दिवसभरात जे गिऱ्हाईक आलं त्याला विचारत गेलो. सगळ्यांनी उत्तर दिलं होतं. दार कुणीच उघडलं नव्हतं. कशाला उघडतील? कधीच उघडत नाहीत.

चौकीवर जाऊन आलो. कुलूप आहे. कुलपावर कोळ्याचं जाळं, एवढ्या थोड्या दिवसांत. आजूबाजूला पाऊलवाट तशीच, पण धुळीवर एकही पाऊल नाही.

कार्तिक व॥ १३

रोज येतं. आम्ही रोज सांगतो. मी ठरवलं होतं गप्प राहायचं. पण गप्प घराचं दार ढकलायचा हुकूम आहे, ते आठवलं, आणि तोंडातून आपोआप नावं निघाली.

अमावास्या

आज माझ्या आधी अक्का बोलली.

अक्काच्या कानाशी पितळी आपटली तरी तिला कळत नाही. दस्तगीरची काठी तिला उंबऱ्याच्या हादऱ्यानं कळायची, शब्द कधी कळला नाही. आज अंथरुणातून स्पष्ट म्हणाली, "मी बरी हाय बाबा. माझं काय, पिकलं पान."

मी हातानं विचारलं, कुणाला बोललीस? ती म्हणाली, "इचारलं की त्यानं. लई दिसांनी कुणाचं तरी नीट ऐकू आलं." खुशीत होती.

मार्गशीर्ष शु॥ १

शिडी लावून कोठाराच्या आढ्यात हात घातला. गाठीच्या साली आधी उंदीर पडायचे, लटपटत अंगणात येऊन मरायचे, म्हणजे गाव सोडायचं. म्हणून मेलेला उंदीर शोधत होतो. नाही. जिवंत नाही, मेलेला नाही. लेंड्या जुन्या, वाळून कोंडा झालेल्या. जणू सगळे एका वेळी उठून गेले.

पाटलांकडं गेलो. म्हणालो, दवंडी द्या, लोकांना चार दिवस शेतांत झोपड्या घालू द्या. पाटील म्हणाले, "अण्णा, उंदीर मेला असता तर हुकूम देता आला असता. उंदीर न्हाईत म्हणून गाव उठवू? आन् उठवायचा हुकूम चौकीचा हुता. चौकी कुठाय? तुमीच म्हणाला न्हवं काही धरलं न्हाय म्हणून?"

बरोबर आहे त्यांचं. मग विचारलं, "पहाटे तुमच्या दारात कोण येतं?" पाटील सुपारी कातरत होते. कातरायचे थांबले. म्हणाले, "आमी उत्तर देतो. जास्त इचार करीत न्हाय. तुमीबी करू नका."

घरी मल्लूशी वाजलं. "पारूला या थंडीत पालाच्या खोपटात न्यायचं? आठवा सरत आलाय. आज्ज्यांना वाटतं म्हणून?" मला रागानं आज्जे म्हणाला, अजून नातवंड व्हायचंय. त्याचंही खरं. सुईण गावात, ऊब गावात. माझ्याजवळ काय? एक आवाज आणि एक गप्प कोठार. कुणी मला विचारलं की हे कशावरून म्हणता, तर मी दस्तगीरसारखाच उभा राहीन.

अर्ज लिहायला घेतला साहेबांना. "मुदतीनं विचारणं योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चालू चौकीला विचारता की का चालू. बंद केलेलीला मुदतीनं कोण विचारणार की का बंद? तोही मुआयना व्हावा." चांगलं जमलं वाटतं. तालुक्याच्या डाकेनं जाईल. केव्हा पोचेल, केव्हा वाचतील. तोवर

मार्गशीर्ष शु॥ ३

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येतंय.

पहाटे विचारलं. मी सांगितलं. अक्का, मंडळी, मल्लू, पारू, मी. रोज शेवटचं नाव घेतलं की आवाज पुढच्या दारी जातो, गुंडाप्पाचं उत्तर ऐकू येतं. आज नाही गेला.

दाराबाहेर उभाच. श्वास ऐकू येत नव्हता, काही नाही, पण उभा आहे हे कळत होतं, दारामागं माणूस असला की कळतं तसं. मी परत सगळी नावं घेतली. तरी उभा. मंडळींनी माझा दंड धरला. रात्रीपर्यंत मला वेड्यात काढणारा मल्लू उठून बसला. मी तिसऱ्यांदा सुरुवात केली, "अक्का बरी..."

तेव्हा पारू आतून म्हणाली, "आन् पोटातलंबी बरं हाय."

गेला. लगेच. गुंडाप्पाच्या दारात विचारताना ऐकलं.

मल्लूनं उजाडताच बैल जुंपले.

मार्गशीर्ष शु॥ ४

शेतात आलो. चिंचेखाली खोपट, आत कडब्याचा जाड थर, वर घोंगड्या. सुईण पाय धरून तयार केली, लागलं तर इथं येईन म्हणाली. गुंडाप्पाला चल म्हटलं. "तुमी व्हा म्होरं. बायकोला इचारतो." बायकोचं म्हणणं घरात ऊब आहे. आणखी कुणी आलं नाही. वाटेत दोघं-चौघं हसले, "अण्णा, सुनेला सहलीला काढलं का?" हसू देत. हसण्यानं कुणी मरत नाही.

पारूच्या पायाची सूज कमी आहे. अक्का इथं उदास. म्हणते इथं कायच ऐकू येत न्हाय.

मार्गशीर्ष शु॥ ६

इथं दोन पहाटा झाल्या, कुणी विचारलं नाही. मी स्वतःच विचारतो. एकेकाला जवळ जाऊन, तोंड बघून. अक्काच्या हातावर हात ठेवतो, ती मान हलवते. पारू म्हणते, "मामंजी, तुमी दस्तगीरचाचा झाला." बाळ फिरतंय म्हणाली.

आज वारा गावाकडून होता. उजाडायच्या आधी ऐकू आलं. विचारणं नाही, फक्त उत्तरं. एकामागून एक घर, बारीक, वाऱ्यावर तुटत. पाटलांचं घर. मग कुंभारवाडा. मग आमची आळी. आमच्या दारापाशी गप्प, ते बरोबर, आम्ही इथं. त्यापुढं गुंडाप्पाचं यायला हवं होतं.

नाही आलं. वाट बघितली. वारा पडला असेल. पण त्यापलीकडच्या घराचं ऐकू आलं.

मल्लू बघायला गेला आहे. जाऊ नको म्हणालो, ऐकलं नाही. दाराबाहेरूनच हाक मार, आत पाऊल टाकू नको, तोंडाला फडकं बांध, हे तरी ऐकलं. अजून परत आला नाही. ऊन खोपटात आलंय.

तोवर दस्तगीरला लिहून ठेवतो. सोनारीला गाडी जाणार आहे, तिच्याबरोबर देईन. त्याला वाचता येत नाही, तिथं कुणी वाचून दाखवेल.

"दस्तगीर, अण्णाचा आशीर्वाद. तुझी बहीण कशी आहे, भाचे कसे आहेत, नाव घेऊन एकेकाचं कळव. तू कसा आहेस ते आधी कळव. आम्ही शेतात आहोत, चिंचेखाली. पहाटे गावात तू येत असशील तर राग नाही, फक्त सांग. तू येत नसशील तर तेही सांग. तू नेमाची वाट चालायचास, तशीच आता कुणीतरी चालतं. आज गुंडाप्पाच्या दारात काय झालं ते मला कळत नाही, आणि दार ढकलायचा हुकूम आता कुणालाच नाही. मी साहेबांना अर्ज दिलाय. पण तुझं उत्तर आधी येऊ दे. हात मोकळा झाला की चार ओळी लिहवून घे. लवकर धाड, बाबा. वाट बघतोय."