जांभळं ते माझं

५ जुलै
सकाळपासून भातरोपांच्या राबात वाकून आहे. हिरवं रोप दिसलं की उपट, दिसलं की उपट. बांधावरून शेजारचे महिपत भाऊजी म्हणतात, "वयनी, कंबर मोडल. देवभात काय संपनारं रान हाय?" यांच्या खाचरात निम्मं आपसूक उगवलेलं रानटी देवभात माजलेलं, आणि हे मला शिकवणार!

आठ वर्षांपूर्वी मुरबाडहून माहेरचं जांभळ्या पानांचं बियाणं आणलं ते याचसाठी. जांभळं ते माझं, हिरवं ते रान. सासूबाईंचं हिरव्या पानांचं भात तेव्हाच बंद केलं. आज गावातली अकरा घरं माझ्याकडचं बियाणं नेतात – शकूच्या बियाण्यात भेसळ नाय, म्हणून.

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी
आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. शेजारणीने तळ्याकाठचं देवभात आणून दिलं. उपासाला गोड लागतं. शेतात नको.

६ ऑक्टोबर
माझ्या खाचरात कुसळं! लांब, तांबडी, देवभातासारखी. पान मात्र जांभळं. लोंबीला हात लावला तर दाणे चिखलात गळून पडले.

तडक महिपत भाऊजींकडे गेले, सुनावलं – तुमच्या आळसाचं रान माझ्या शेतात आलं. तर म्हणतात, "आमचं रान हिरवं. जांभळं आलं कुठनं? भेसळ तुमच्याच बियान्यात हाय." बाईजा तिथेच उभी होती. माझंच बियाणं पेरते ती. विळा उचलून निघून गेली. आता गावभर होणार.

७ ऑक्टोबर
भेसळ म्हणे. अन्न गोड लागलं नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
पुतणी आली, नेहा. कल्याणच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकते. तिला लोंबी दाखवली. पोरीचे डोळे चमकले. "काकी, किती सुंदर आहे हे!" सुंदर! माझी अब्रू जातेय, आणि हिला सुंदर दिसतंय.

म्हणाली, देवभात आणि आपलं भात मुळात एकाच घरातलं. एक माणसाने जपलं, एक तळ्यात राहिलं. फुलोऱ्याची वेळ वेगळी, म्हणून दोघं वेगळी वाढली. पण एखाद्या वर्षी फुलोरे जुळतात आणि मिसळ होते. त्यातली रोपं काही हिरवी, काही जांभळी. "हिरवी तू उपटलीस. जांभळी तुला दिसलीच नाहीत, त्यांचेच दाणे शेतात गळले, थोडे बियाण्यातही गेले. पुढच्या वर्षी तीच उगवली. आठ वर्षं तूच निवडलंस, काकी. त्यांचा फुलोराही आता तुझ्या भाताबरोबर येतो. अशीच वेगळी राहिली, तर पुढेमागे नवी जातच होईल."

म्हणजे मीच पोसली? आणि जो कधी तण बेणत नाही, त्याचं रान साधं रानच राहतं? हा कुठला न्याय? मी तिच्यावर ओरडले. सणाच्या दिवशी पोर रडली. मग मलाही रडू आलं.

१९ ऑक्टोबर
अकराही घरी जाऊन सांगितलं. दोष माझ्या बियाण्याचा. बाईजा म्हणाली, "आमच्यात दोन वर्सं कुसळं येतात गो. आमाला वाटलं, आमीच नीट बेणलं नाय. तुला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

दोन वर्षं ही बाई मला घाबरून गप्प. याचा राग कोणावर काढू?

१४ नोव्हेंबर
महिपत भाऊजींकडे बियाणं मागायला गेले. हसतील म्हणून तयारीत होते. हसले नाहीत. कणगीतून सूपभर भात काढून पुढे ठेवलं. "तुमच्या सासूचंच हाय. तुमी बंद केलंत तवा मी ठेवलं, दर साली पेरतो."

हिरव्या पानांचं. म्हणजे येत्या जूनला राबात बसायचं, आणि जांभळं दिसेल ते उपटायचं.