‘दिला’ असं लिहून झाल्यावर

नाना, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे काहीतरी गोड येईल या आशेवर तुम्ही वाचत बसणार नाही. गेलेल्या बापाला पत्र लिहिणारे लोक बापाच्या हातांबद्दल फार प्रेमाने लिहितात. तुमच्या हातांना डार्करूममधल्या औषधांचा आंबूस वास यायचा, जेवतानासुद्धा, आणि मला तो कधीच आवडला नाही.

तुम्ही फोटो धुवायचात त्या दादरच्या स्टुडिओच्या मालकांनी तुम्हाला खूश होऊन दिलेला तो दोन भिंगांचा कॅमेरा मात्र मला आवडायचा. छातीशी धरून वरून आत बघायचं, आणि आत नायगावच्या आपल्या चाळीची गॅलरी उलट बाजूने चालताना दिसायची, डावीकडची माणसं उजवीकडे. रविवारी तुम्ही मला नळापाशी उभं करून शिकवायचात. “श्वास धर. पोट आत. आता दाब, झटका नको देऊस.” मी दहावीत असताना तुम्ही आईसमोर, स्टोव्हपाशी बसून म्हणालात, “बारावी कर, कॅमेरा तुझा.” मी दोन वर्षं त्या एका वाक्यावर काढली. फोटोग्राफीच्या कोर्सचा फॉर्म आणून ठेवला. फॉर्मवर लिहिलं होतं, स्वतःचा कॅमेरा असणं आवश्यक.

आणि मग कुणाच्या तरी लग्नात पोलीस क्वार्टर्समधल्या हवालदारांनी तुमच्या कॅमेऱ्याचं कौतुक केलं. तुम्ही फुगलात. चार माणसांत म्हणालात, “आवडला ना साहेब? मग तुमचाच समजा. जमेल तेव्हा पैसे द्या, जमेल तेव्हा घेऊन जा.” झालं. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत गेला आणि हवालदार आठ महिने आले नाहीत. त्या आठ महिन्यांतल्या एका रविवारी मी पेटी उघडते, टॉवेल सोडते, नुसतं आत बघते, आणि तुम्ही समोर येऊन माझ्या हातावर फटका मारता. “दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतेस?” दुसऱ्याच्या! आपल्याच खोलीत, माझ्याच अंथरुणाखालच्या पेटीत. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “भायेरच्याला शब्द दिलाय, ठीक. पोरीला काय दिलंवतं मग?” तुम्ही म्हणालात, “ते घरातलं बोलणं होतं.”

नाना, हे वाक्य मी विसरलेली नाही. घरात बोललेलं ते बोलणं आणि बाहेर बोललेला तो शब्द. चाळीत तुमचं केवढं नाव होतं! नाना म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे. ती रेघ आमच्या उंबऱ्याशी येऊन संपायची, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. हवालदार शेवटी आले, चहा प्यायले, कॅमेरा घेऊन गेले. माझी फॉर्मची तारीख केव्हाच टळली होती. मी कॉमर्स केलं, ऑफिसात चिकटले, आणि पस्तिशी उलटल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून एक जुना फिल्म कॅमेरा घेतला. तेव्हापासून घेतच सुटले.

आता आमचा फोनवर एक ग्रुप आहे, जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या वेड्यांचा. तुम्हाला तिथे फार मान मिळाला असता. कुणी कॅमेऱ्याचा फोटो टाकला की ज्याला हवा तो खाली ‘घेतो’ असं लिहितो. विकणारा ‘दिला’ असं लिहितो. त्यानंतर कुणी दुप्पट देतो म्हणालं तरी तो कॅमेरा त्याचाच. आगाऊ पैसे नाहीत, कागद नाही, मुदत नाही. घेणाऱ्याने स्वतः ‘सोडला’ असं लिहिलं तरच विकणारा मोकळा. ज्याने कुणी हे मोडलं त्याचं नाव शिवाजी पार्कातले आमचे ॲडमिन काका सगळ्यांसमोर लिहितात, आणि मग त्या माणसाशी कुणी व्यवहार करत नाही. काका नाकाने कांदे सोलतात, पण नियम चांगला आहे. अनोळखी माणसांत दुसरं असतं तरी काय?

गेल्या वर्षी मी माझ्याकडचा, तुमच्यासारखाच दोन भिंगांचा एक कॅमेरा विकायला काढला. मिरजेच्या एका गृहस्थांनी दुसऱ्या मिनिटाला ‘घेतो’ लिहिलं. मी ‘दिला’ लिहिलं. मग त्यांचा वेगळा मेसेज आला: “ताई, मिसेसचं ऑपरेशन आहे. दोन महिने थांबाल का?” मी लिहिलं, “थांबते.” दोनाचे चार महिने झाले. त्यांच्याकडून एक अक्षर नाही.

तेवढ्यात भाची आली. तुमची नात, दादाची मुलगी, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुमच्या नायगावच्या चाळी पाडून टॉवर बांधतायत, आपली बिल्डिंगही रिकामी होत होती. ती म्हणाली, “आत्या, पुढच्या वीकमध्ये लाईट कट करणारेत यार. डिजिटलवर सगळ्यांनी काढून झालंय, मला फिल्मवरच पाहिजे. तो वरून बघायचा कॅमेरा दे ना. तू बोललेलीस ना, एक दिवस तुला देईन?” मी म्हटलं होतं खरं. कधीतरी, स्वयंपाकघरात, भाजी निवडताना. म्हणजे घरातलं बोलणं.

तुम्हाला काय वाटतं, मी काय केलं असेल? मी कॅमेरा काढला आणि तिच्या गळ्यात घातला. “तुझाच,” म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनात तिच्यापेक्षा तुम्हीच जास्त होतात. म्हटलं, बघा नाना, असं करतात. घरातलं पोर आधी. मला इतका आनंद झाला की मी शिरा केला. मिरजेला एक मेसेज टाकून ‘सोडता का?’ एवढं विचारता आलं असतं. विचारलं नाही. ते ‘नाही’ म्हणाले असते तर माझी मजा गेली असती.

तीन आठवड्यांनी त्यांचा मेसेज. “ताई, उशिराबद्दल माफी. मिसेस आता बऱ्या आहेत. रविवारी मुंबईत येतोय, कॅमेरा नेतो.” भाचीकडे परत मागायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगायचीही नाही. रविवारी सकाळी मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हात हलवत गेले. साठीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. बसायच्या आत मीच म्हणाले, “कॅमेरा पडला हो हातातून. तुटला.”

ते जराही चिडले नाहीत. “अरेरे. लागलं नाही ना तुम्हाला?” मग म्हणाले, “तुटलेलाच द्या की ताई. ठरलेले पैसे देतो. मी खोलून बसवतो बघा, हात बसलाय माझा.”

नाना, खोटं बोलायचीसुद्धा सवय लागते. मला ती नव्हती. मी म्हटलं, “कचऱ्यात टाकला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्यातला कुणी कॅमेरा कचऱ्यात टाकत नाही. बंद पडलेला, सडलेला, बुरशी आलेलाही नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मग त्यांनी पिशवीतून चामड्याचं एक कव्हर काढलं. हाताने शिवलेलं, टाका न् टाका सारखा. “हॉस्पिटलात बसून बसून केलं. तुम्ही टाकलेल्या फोटोवरनं माप घेतलं. आता माझ्या काय कामाचं? ठेवा. पुढं-मागं तसलाच घेतलात तर बसंल.”

मी ते घेतलं. घेतलं, नाना! नको म्हणायला तोंड कुठे होतं?

त्याच दिवशी त्यांनी ग्रुपवर लिहिलं: “सोडला. ताईंचा काही दोष नाही. वस्तू हातातून पडते.” खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग. काकांनी तर लिहिलं की घेणाऱ्यासाठी चार-चार महिने थांबणारी ताईंसारखी माणसं हीच ग्रुपची शान. मी त्यालाही हात जोडले.

मला वाटलं होतं की मी तुमच्या बरोब्बर उलटं वागले म्हणजे बरोबर वागले. गेल्या आठवड्यात भाची फोटो घेऊन आली. रिकामी गॅलरी, खिळ्याला राहिलेलं कॅलेंडर, आपल्या खोलीच्या दारातली एक बाई, कुणाची तरी आजी, कुलूप हातात घेऊन उभी. मी ते टेबलावर मांडले आणि एकेक उचलून पुन्हा पुन्हा बघितला. “आत्या, तुझ्या ग्रुपवर टाकू? कुठल्या कॅमेऱ्याने काढले तेपण लिहिते.” ती हसत होती. मी म्हटलं, “नको टाकूस. एवढे काही चांगले नाही आलेत.”

तिचा चेहरा उतरला. तिने फोटो एकेक करून पाकिटात भरले, चहा न घेता गेली. तेव्हापासून तिचा फोन नाही. तुम्ही मला फटका मारलात तो निदान समोरून मारलात.

ते फोटो चांगले आहेत. तुम्ही आयुष्यभर धुतलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा चांगले आहेत. हे भाचीला सांगायला हवं, आणि मिरजेला तर त्याआधी. दोघांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत. मी इतका वेळ बसून लिहिलं ते तुम्हाला, कारण तुम्ही काही विचारणार नाही.